युनिक्सकाका

प्रत्येक जुन्या ऑफिसात एक युनिक्सकाका असतात. वय निवृत्तीला टेकलेलं, चष्मा कपाळावर, आणि माउसला हात लावायची वेळ आलीच तर अंगावर पाल पडल्यासारखा चेहरा. एरवी घुम्मे. डिस्क बिघडली की मात्र त्यांना कंठ फुटतो.

परवा आमच्या सर्व्हरवर एक भलतीच फाइल दिसायला लागली. नाव होतं; मालक, आकार, तारीख या रकान्यांत नुसती प्रश्नचिन्हं. पुसायला आरएम दिला, तर म्हणे अशी फाइलच नाही! काकांना बोलावलं. पानावर बसावं तसे ते मांडी घालून खुर्चीत बसले.

"डिरेक्टरी म्हणजे सातबारा," काका म्हणाले. "तिच्यात फक्त नाव आणि आयनोडचा नंबर. जमीन निराळीकडे. इथं उताऱ्यावर नाव आहे आणि गटच गायब!" मग १९६९, बेल लॅब्ज, थॉम्पसन, रिची असं सगळं गोत्र म्हणून झालं. "आमच्या वेळी नोंद सोळा बाइटांची. दोन नंबराला, चौदा नावाला. पुसायचं म्हणजे नंबराच्या जागी शून्य. संपलं!"

"मग फाइंडला नंबर देऊन पुसूया?" मी उगाच शहाणपणा केला.

"नंबर घेऊन जाणार कुणाच्या दारात? तिथं राहतंय कोण?"

"एफएससीके चालवू?"

"चालू डिस्कवर?" काका ओरडले. देवघरात मी चपला घालून शिरलो असतो तरी बहुधा इतके ओरडले नसते. आधी बॅकअप, मग अनमाउंट, मगच एफएससीके, हे त्यांचं सोवळं. त्यांचं खरंही असतं. माउंट केलेल्या डिस्कवर ती दुरुस्ती करणं म्हणजे धावत्या एसटीखाली शिरून पंक्चर काढणं.

बॅकअपमध्ये दुपार गेली. अनमाउंटला उत्तर आलं, डिस्क वापरात आहे. "कोण बसलंय रे तिथं?" काकांनी अख्ख्या ऑफिसला खिडक्या बंद करायला लावल्या, दोन नव्या पोरांना झापलं. शेवटी फ्यूझर चालवून गुन्हेगार शोधला. सकाळपासून उघडी असलेली काकांचीच विंडो निघाली. "हं," म्हणून त्यांनी ती मिटली.

एफएससीकेच्या पाच फेऱ्या. दुसरीत त्यानं विचारलं, ही नोंद काढू? काकांनी करंगळी उचलून 'वाय' दाबलं. दिवसभराच्या यज्ञातली आहुती ती एवढीच.

चौथ्या फेरीत मात्र एक बेवारस फाइल सापडली. नाव हरवलेलं, म्हणून लॉस्ट प्लस फाउंडमध्ये नुसत्या नंबरानं पडलेली. उघडली, तर गेल्या वर्षीच्या गणपतीच्या वर्गणीची यादी. एकाच नावापुढे 'बाकी' होतं. काकांच्या.

काकांनी ती आरएमनं तिथल्या तिथे उडवली. पण दुपारचा त्यांचाच बॅकअप माझ्याकडे आहे, आणि यादी त्यात असली तर मी पावतीपुस्तक घेऊन त्यांच्या टेबलापाशी जाणार आहे.