उणे सोळा मीटरवर इस्त्रीवाला

पंधरा ऑगस्टला झेंडावंदन झाल्यावर आमच्या सोसायटीतल्या मुलांनी खजिनाशोध ठेवला. शेवटच्या चिठ्ठीत लिहिलं होतं: क्ष² + य² − १२क्ष − १६य + ७५ = ०. खाली सूचना: फाटक म्हणजे आरंभबिंदू, क्ष कुंपणालगत उजवीकडे, य इमारतीकडे, मापं मीटरमध्ये. पेढे परिघावर.

"अरे, हे तर वर्तुळ!" मी ओरडलो. निवृत्त इंजिनिअरला असं ओरडणं शोभतं, असा माझा समज आहे. उणे बारा, उणे सोळा हे आकडे समोरच होते; केंद्र म्हणून तेच घेतले आणि पोरांना घेऊन थेट फाटकाबाहेर पडलो. रस्त्यापलीकडे इस्त्रीवाला बसतो. त्यानं पेढे पाहिले नव्हते.

मग आठवलं, चिन्ह बदलायचं असतं! (१२, १६) वर तळमजल्यावरच्या काकूंची तुळस निघाली. मी कुंडी जेमतेम हलवली होती, तर काकूंनी माझी डिग्री कुठली हे विचारलं.

सगळा दोष देकार्तचा. त्यानं १६३७ साली भूमिती बीजगणिताच्या दावणीला बांधली नसती, तर मी काकूंच्या अंगणात कशाला गेलो असतो?

"काका, निम्मं करायचं राहिलं," अकरावीतली एक मुलगी म्हणाली. तिनं चिठ्ठीच्या पाठीवर ७५ उजवीकडे नेले, दोन्ही बाजूंना ३६ आणि ६४ मिळवले. पूर्ण वर्ग तयार: (क्ष − ६)² + (य − ८)² = २५. केंद्र (६, ८), त्रिज्या ५. कंसाचा वर्ग करताना मधलं पद दुप्पट होतं, म्हणून उलट येताना निम्मं. केंद्र (−ग, −फ) हे सूत्र मला तोंडपाठ होतं; समीकरणातल्या २ग आणि २फ मधले दोन तेवढे नोकरीत कुठेतरी गहाळ झाले होते.

मुलांनी पाच मीटर सुतळी फिरवली. पेढे (११, ८) वर, टाकीच्या झाकणावर सापडले. मी मागे थांबून पडताळा घेतला: १२१ + ६४ − १३२ − १२८ + ७५, बरोबर शून्य. तोवर पेढेही शून्य झाले होते.

तुमच्या सोसायटीतही अशी चिठ्ठी आली, तर आधी क्ष² आणि य² यांचे सहगुणक १ आहेत ना, ते बघा. दोन्हींपुढे समान असा दुसरा आकडा असेल तर त्यानं आख्खं समीकरण भागून घ्या. आणि वर्ग पूर्ण केल्यावर उजवीकडे ऋण संख्या उरली, तर वर्तुळच नाही. घरी जा.