पंधरा बियांची शेती

ताई, काल रात्री साडेबाराला आमच्याकडे दिवा दिसला ना? नाही हो, आजारी नाही कुणी. मी शेताला पाणी घालत होते. कॉम्प्युटरवर!

हसा, हसा. दिवाळीच्या सुट्टीत नातवानं बापाच्या जुन्या लॅपटॉपवर ‘स्टारड्यू व्हॅली’ घालून दिला आणि माझं वर्ष त्यातच गेलं. आजोबांची ओसाड शेती आपल्याला मिळते. दगड फोडा, झुडपं तोडा, रान मोकळं करा. गावचा मेयर, म्हणजे आपला सरपंच धरा, पार्स्निपच्या १५ बिया देतो. पार्स्निप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखंच काहीतरी. चार दिवसांत काढणीला! आमच्या दादाच्या शेतातलं आलं आठ-नऊ महिने जमिनीत बसतं. त्याला सांगितलं तर म्हणतो, “बियाणं कुठल्या दुकानात मिळतं?”

आणि तिथल्या टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात, ते तस्संच होतं! पाऊस म्हटला की पाऊस, त्या दिवशी झारीला सुट्टी. संध्याकाळी माल अंगणातल्या पेटीत टाकायचा, सकाळी पैसे हजर. आडत नाही, हमाली नाही, तोलाई नाही, आणि कितीही माल टाका, भाव पडत नाही. एरिक बॅरोन नावाच्या अमेरिकन माणसानं चार वर्षांहून जास्त बसून एकट्यानं केलाय हा खेळ, चित्रं आणि संगीतसुद्धा. २०१६ साली आला. माणूस हुशार, पण एकदा मार्केट यार्डात टोमॅटो घेऊन उभा राहायला हवा होता.

फसले मात्र. तिथला ऋतू २८ दिवसांचा. मी वसंताच्या १८ तारखेला फ्लॉवरचं बी टोचलं, अकरा बिया, ८० ला एक. तयार व्हायला लागतात १२ दिवस. बोटं मोजायची अक्कल कुठे गेली होती कोण जाणे! उन्हाळ्याची पहिली सकाळ उजाडली तर अकराच्या अकरा रोपं वाळलेली. लिहून घेतलंय आता कॅलेंडरवर, गॅसच्या नंबराखाली.

हे तेव्हा खो खो हसले, “पोरखेळ” म्हणाले. आता त्यांचं सांगू? हळू, खिडकी उघडी आहे. मुलानं त्यांना ‘बालात्रो’ दिला, २०२४चा, पत्त्यांचा. कॅनडातल्या माणसानं केलाय, खरं नाव काही सांगत नाही तो. जोडी, कलर, सिक्वेन्स लावायचे, आणि वर १५० जोकर, एकेकाची खोड निराळी. “शेवटचा डाव” म्हणतात आणि रात्रीचा एक वाजतो. खरे पैसे नाहीत हं त्यात, मी आधी तेच विचारलं. युरोपातसुद्धा माझ्यासारखीच गल्लत झाली. आधी १८ वर्षांचा शिक्का मारला, २०२५ मध्ये १२वर आणला. पैशांच्या ऑनलाइन रमीचं वेगळं. त्यावर सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये कायदाच केला. आमच्या नात्यातल्या एकानं त्याआधीच मोटरसायकल घालवली होती. नाव नाही घेत, तुम्हाला कळलंच असेल.

‘राजी’ नावाचा खेळपण खेळून पाहिला, पुण्यातल्या नॉडिंग हेड्सचा. सर्कशीतली पोर भावाला शोधत निघते, आणि दुर्गा नि विष्णू वरून बघत तिच्याबद्दल बोलत असतात. अगदी आपल्यासारखे! चित्रं सुरेख, पण उड्या मारायला माझी बोटं ऐकेनात. दहादा खड्ड्यात पडली बिचारी. सोडला.

माझ्या स्टारड्यूच्या गावात जॉर्ज म्हणून एक खडूस म्हातारा आहे, चाकाच्या खुर्चीत. त्याला लीक आवडतो, पातीच्या कांद्याचा भाऊच म्हणा. रानातून उपटून नेऊन दिला की जरा निवळतो. पण आठवड्यात एका माणसाला दोनच भेटी, तिसरी सहसा कुणी घेत नाही.

तुमची अळूवडी या आठवड्यात दोनदा आली, नाही का? असू दे, असू दे, इथे तसा नियम नाही. द्या ती वाटी.