दोनशे सदुसष्ट काकाजी

हिंगण्यात आमच्या गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नाही. 'दोनशे सदुसष्ट' म्हटलं की शेंबडं पोरही निळं फाटक दाखवतं. राज्यघटनेच्या कलम २६७ मध्ये आकस्मिकता निधीची तरतूद आहे, हे काकाजींना एमआयडीसीत टाइमकीपर असताना एका परीक्षेच्या पुस्तकात सापडलं. परीक्षा गेली, कलम तेवढं राहिलं. "सरकार ठेवते, मंग आपण काहून नाही?" म्हणत त्यांनी तीन महिन्यांचा घरखर्च जमवला आणि बिस्किटाच्या डब्यात घालून गव्हाच्या कोठीत तळाशी पुरला.

जमवणं सोपं होतं. तो डबा काढवून घेणं हे खरं काम. प्रत्येक मागणीची ओसरीवर सुनावणी होते आणि प्रश्न एकच असतो : "हे आकस्मिक हाय का?"

काकू म्हणाल्या, छत गळते. "पाऊस का यंदाच आला हिंगण्यात?" नामंजूर. पोरगा म्हणाला, मोटर जळाली. "दिवाळीपासून रडून राह्यली होती बिचारी, तुलेच ऐकू आलं नाही." नामंजूर. साळा भाचीच्या लग्नासाठी आला. "पोरगी काल झाली का जी? चोवीस वर्सं होते ना तुमच्यापाशी!" नामंजूर, वर चहा. माझी स्कूटर बंद पडली तेव्हा मीही आशेनं गेलो. त्यांनी आधी विचारलं, ऑइल कधी बदललं? मी तसाच मागे फिरलो.

हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की काकूंनाही चेव येतो. "तिथं पुरवणी मागण्या मंजूर होऊन राह्यल्या, माह्या कधी होतील?" यावर तडजोड म्हणून दुसरा डबा निघाला. त्यावर खडूनं लिहिलं : 'येणारच'. शाळेची फी, विम्याचा हप्ता, पोळा, लग्नातले आहेर, छताचं डांबर, सगळ्यांसाठी दरमहा थोडं थोडं. हा डबा उघडा असतो आणि बहुतेक भांडणं त्यातच मिटतात. आपले निम्मे 'अचानक' खर्च हे वर्षभर दारात उभे असतात, आपणच कडी काढत नाही, हे मला त्या खडूच्या अक्षरांनी शिकवलं.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री मात्र कलमाचीच परीक्षा झाली. डब्यात सगळ्या पाचशे-हजाराच्या नोटा, आणि नेमक्या त्याच रद्द झाल्या. ज्या संकटासाठी निधी राखला, ते संकट नेमकं निधीवरच आलं! गव्हाची भुकटी झटकत काकाजी बँकेच्या रांगेत उभे राहिले. लोक चिडवत होते, "काकाजी, हे आकस्मिक हाय का?" ते पहिल्यांदाच गप्प होते. घरी येऊन त्यांनी व्यवस्था बदलली : थोडे शंभरचे कोठीत, थोडे बचत खात्यात, बाकीची मुदत ठेव. "ठेव मोडाले बँकेत जा लागते. अर्धी गरज रस्त्यातच उतरते."

मग मार्च २०२० आला. टाळेबंदी लागली, एमआयडीसीचे भोंगे थांबले. पोराच्या वर्कशॉपला कुलूप, पगार नाही. तो मान खाली घालून ओसरीवर बसला, सुनावणीच्या तयारीनं. काकाजींनी काही विचारलं नाही. कोठीत खांद्यापर्यंत हात घातला, डबा काढला, झाकणावरचं पीठ धोतरानं पुसलं आणि म्हणाले, "मंजूर." तीन महिने त्या घरात ना उधारी झाली, ना सोन्याची पोत सोनाराकडे गेली. वर्कशॉप सुरू झालं, तसा पहिल्या पगारातले पाचशे आधी डब्यात परतले. तेही कलमात बसतं म्हणे. काढलेलं भरायचं असतं.

मी म्हटलं, "काकाजी, पुन्हा टाळेबंदी लागली तर ती मंजूर ना?"

"एकदा आलं ते आकस्मिक," ते म्हणाले. "दुसऱ्या खेपेले आलं, तर आपलीच चूक." त्याच दिवशी निधी तीन महिन्यांवरून सहावर न्यायचं ठरलं.

फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात भारताचा आकस्मिकता निधी ५०० कोटींवरून ३०,००० कोटींवर नेण्याचं जाहीर झालं. काकाजी पेपर घेऊन थेट माझ्या दारात.

"पाय! दिल्लीले उशिरा कळलं, पण कळलं. आता सांग, स्कूटरचं ऑइल बदललं का?"