स्टेपनी गेली, सल्लागार आले

बजाज चेतकच्या मागे स्टेपनी असायची. दहा इंची चाक, पुढचं मागे चालायचं, मागचं पुढे. सोलापूरच्या सात रस्त्यावर पंक्चर झाली की स्कूटर एका अंगावर कलंडवायची आणि नट सोडायचे. रिमही दोन तुकड्यांचं, त्यामुळे टायर बदलणं घरगुती काम होतं. (हवा न काढता रिमचे नट सोडणारे वीर सोडून द्या.)

आता बिनगिअरच्या गाडीत स्टेपनी नाही. सीटखाली हेल्मेटची जागा मात्र आहे, आणि सोलापुरात हेल्मेट तिथेच सुखरूप राहतं. मागचं चाक काढायला आधी सायलेन्सर उतरवा, मग मधला भला मोठा नट. सोडायला जावं तर चाकच फिरतं, म्हणून कोणीतरी मागचा ब्रेक दाबून धरायचा. ब्रेक धरायला गल्लीत कोणी मिळत नाही. ‘काका, उलटं फिरवताय की!’ सांगायला मात्र मे महिन्याच्या उन्हातही चौघं उभे.

मग टायर उचकटायची टॉमी. टायरची एक कड रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबली की समोरची बाजू सैल पडते. हे न करता जोर लावणारा रिमला ओरखडे पाडतो आणि कंपनीला शिव्या घालतो. टायरच्या अंगावरचा फिरण्याच्या दिशेचा बाण तर सगळं बसवून झाल्यावरच दिसतो.

एवढं करून ट्यूबलेस टायर पायपंपाने सहसा रिमला चिकटत नाही, त्याला कॉम्प्रेसरची झटक्यात हवा लागते. चाक हातात घेऊन पंक्चरवाल्याकडे जावं, तर तो विचारतो, ‘गाडी कुठंय?’