मी कुठं काय म्हटलं?

भामरागडच्या माडिया गोंड मुलाला एखादी मुलगी आवडली, तर रंगरूपाच्या आधी देवांचा हिशेब करावा लागतो. तिच्या घरचे देव किती? गोंडांची कुळं चार, पाच, सहा, सात अशा देवसंख्येनुसार वाटलेली. संख्या सारखी निघाली की दोघं भाऊबहीण, विषय संपला. वेगळी निघाली तर सोयरिकीची वाट मोकळी आणि थट्टामस्करीचीही. आपल्याकडे लग्न ठरवताना वडीलधारे पत्रिका मांडून बसतात. इथं पोरं डोळा मारण्याआधीच गणित सोडवून मोकळी!

गणित सुटलं की गाणं. रेला नाचताना एका रांगेनं चिमटा काढायचा आणि दुसरीनं तो सव्याज परत करायचा. यातली खरी हुशारी म्हणजे चिमटा नेमका कुणी कुणाला काढला, याचा पत्ता लागत नाही. रांगच्या रांग एका सुरात गाते, पण त्यातल्या एकाचाच जीव समोरच्या एकीवर टांगलेला असतो. उद्या कुणी जाब विचारलाच, तर उत्तर तयार : मी कुठं काय म्हटलं? गाणं होतं ते!

ही पळवाट फार जुनी. हाल राजाच्या ‘गाथासप्तशती’तली सून सासूच्या देखत वाटसरूला झोपायच्या जागा दाखवते आणि रात्री अंधारात चुकून माझ्या अंथरुणाशी येऊ नका, असं बजावते. सासूला वाटावं, केवढी काळजी! सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही महाराष्ट्री प्राकृत. म्हणजे आपल्या भाषेला चावटपणा पणजीकडूनच मिळालेला. पुढे कुणाचं सूत जमलं, कुणी खडा टाकून पाहिला, कुणी लाइन मारली. आता सगळे फ्लर्ट करतात. प्रत्येक पिढीला आपला शब्द सोज्वळ आणि पुढच्या पिढीचा वाह्यात वाटत आला.

इंग्रजांनी तरी वेगळं काय केलं? सोळाव्या शतकात त्यांच्या ‘फ्लर्ट’चा प्रेमाशी संबंध नव्हता, झटका देणं, टिचकी मारणं एवढाच अर्थ. टोमणाही त्यातच यायचा. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’त (1815) पाद्रीबुवा घोडागाडीत नायिकेशी ‘लव्ह’ करतात. आजचा वाचक दचकतो, पण बिचारे फक्त लग्नाची मागणी घालत असतात. एकोणिसाव्या शतकात प्रेमिकांच्या लगटीला ‘स्पूनिंग’ म्हणत. चमच्याचा आणि प्रेमाचा संबंध वेल्समध्ये तर अगदी लाकडात कोरलेला. तिथले तरुण आवडत्या मुलीसाठी नक्षीदार चमचा घडवत. 1667 साल कोरलेला एक चमचा तिथल्याच सेंट फॅगन्सच्या संग्रहालयात आहे. आणि इकडे भामरागडशेजारच्या बस्तरात मुरिया तरुण मुलींसाठी लाकडी फण्या कोरत, हे मानववंशशास्त्रज्ञ व्हेरिअर एल्विननं 1947 च्या ग्रंथात नोंदवलं आहे. वेल्सचा चमचा आमटीत कधी बुडाला नसेल, पण बस्तरची फणी केसांत दिमाखात मिरवली. आणि कुणी हटकलंच, तर चमचा हा चमचा असतो आणि फणी ही फणी.

शब्द बदलले, लाकूड बदललं, देश बदलले. माघारीची सोय मात्र सगळ्यांनी राखली. होकार आला तर तो आपल्याला, नकार आला तर आपण विचारलंच कुठं होतं! या सोयीमुळे किती लाजऱ्या माणसांचे संसार उभे राहिले असतील, कोण जाणे.

मोबाइलनं नेमकी हीच सोय काढून घेतली. रांगेतून गाता येत नाही, एकट्यानंच लिहावं लागतं. वर वेळ, तारीख आणि वाचल्याच्या निळ्या खुणा. घाबरून मेसेज पुसावा, तर ‘मेसेज पुसला’ अशी दवंडी तिथंच पिटली जाते. मग समोरची व्यक्ती विचारात पडते, काय बरं लिहिलं असेल? रात्रभर त्याच विचारात झोप उडते. म्हणजे काम झालं की! आणि सकाळी विचारणा झाली, तर बोट चुकून लागलं होतं.