खुंट क्रमांक नऊ

सरळ रेषा आखायला दोन काठ्या आणि एक डोळा पुरतो, हे सर्व्हे कॅम्पच्या पहिल्याच दिवशी कळलं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या काठीमागे दुसरी काठी लपली, की झालं. खरी गोची वळणावर. दोन सरळ रेषा भेटल्या की टोक येतं. टोकावर बैल वळतो, एसटी वळत नाही. म्हणून ते टोक गोल करायचं.

आमच्या गटाच्या वाट्याला दीडशे मीटर त्रिज्येचं वळण आलं. वळणाच्या सुरुवातीला थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, मांडायचा, दर खुंटाला कोन साधारण १ अंश ५५ मिनिटांनी वाढवायचा, आधीच्या खुंटापासून १० मीटर टेप ताणायची आणि नवा खुंट ठोकायचा. अशानं वळण आपसूक दुसऱ्या रेषेला जाऊन मिळतं. वहीत मिळालंही. जमिनीवर मात्र नववा खुंट एका आजीच्या गोठ्यात शिरला.

मुळात वळण गोठ्याला जेमतेम चाटून जाणारं. त्यात कुणीतरी व्हर्नियर, म्हणजे यंत्रावरची कोन वाचायची बारीक पट्टी, २० मिनिटांनी चुकीची वाचली. यंत्रापाशी ही चूक डोळ्याला दिसतसुद्धा नाही; नव्वद मीटरवर तिचा अर्धा मीटर होतो.

मी दुर्बिणीला डोळा लावला, तर आजी उलटी. जुन्या यंत्रात सगळं जगच उलटं दिसतं. पावलं वर, डोक्यावरचा हंडा खाली. आणि थेंब सांडत नव्हता. ती तशीच चालत जवळ आली आणि दुर्बिणीबाहेर सुलटी झाली.

"मोजणीवाले, गोठा जातोय का माझा?"

"नाही आजी, नुसतं शिकतोय."

"शिकायला माझाच गोठा घावला व्हय?"

मग तिनं आम्हाला ताक पाजलं. ते प्यायल्यावर मला वळण आणखीच चुकीचं वाटू लागलं.

संध्याकाळी सरांनी बोरघाटाचा विषय काढला. १८६३ साली तिथं रेल्वे सुरू झाली. चढ ३७ ला १, आणि एका ठिकाणी डोंगरानं वळायला जागाच दिली नाही. तेव्हा आखणी करणाऱ्यांनी गाडी तिथं थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला जोडून, उलट्या दिशेनं वर नेली. वळण जमलं नाही हे त्यांनी उघड, रुळांनी लिहून ठेवलं. आम्ही मात्र कंदिलाखाली बसून उत्तरावरून उलटी आकडेमोड केली आणि फील्डबुकात आजीचा गोठा सुखरूप वाचवला. कॅम्पच्या भाषेत याला 'रीडिंग शिजवणं' म्हणतात. आमटीपेक्षा ते बरं शिजलं होतं.

सकाळी सर खुंट तपासायला निघाले. आठवा होता, दहावा होता. नववा अंगणाच्या पार पलीकडच्या कोपऱ्यात, चांगला हातभर खोल ठोकलेला, आणि त्याला कालवड बांधलेली.

सरांनी फील्डबुक उघडलं, कालवडीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "टेप धर."