‘परंतु’ला अशुद्ध ठरवणाऱ्या प्रश्नकर्त्यास



पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेसाठी तुम्ही काढलेला सराव प्रश्नसंच भोर-वेल्ह्यातल्या आमच्या शाळांपर्यंत पोचला. किंमत छापताना तुमची एकही चूक झालेली नाही. आतल्या पानांना तेवढी काळजी मिळाली नाही. पहिल्याच पानावर तुम्ही ‘बुद्धीमत्ता चाचणी’ असं छापलंय आणि त्याच संचात मुलांना ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधायला लावल्यात.

‘अशुद्ध शब्द ओळखा’ या प्रश्नाला तुमचे पर्याय आहेत कवी, परंतु, वस्तू, गती. उत्तर दिलंत ‘परंतु’. स्पष्टीकरण, शेवटचा उकार दीर्घ हवा. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चार आले. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहावा, हे त्यांत आहेच. पण परंतु, तथापि, अद्यापि ही तत्सम अव्ययं ऱ्हस्वान्तच लिहावीत, हेही त्यांतच आहे. तुम्ही अर्धा नियम वाचलात आणि त्यावर प्रश्न काढलात. चारही शब्द शुद्ध आहेत. ज्या पोरीला नियम येत नाही तिला तुमचे दोन गुण मिळतात. जिला पुरता येतो ती अडते, स्वतःवरच शंका घेते, आणि शेवटी बरोबर शब्दावर फुली मारायला शिकते.

दुसरा प्रश्न वाक्याचा. ‘मुलगा आणि मुलगी शाळेत गेली’ हे तुमच्या लेखी चूक, ‘गेले’ तेवढं बरोबर. बाई-पुरुषाच्या जोडीला ‘ती दोघं गेली’ म्हणताना कोणी अडखळतं का? ते नपुंसकलिंगी अनेकवचन आहे. दोन्ही रूपं चालतात. आठवीच्या पेपरात काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही नोंदवावे लागतात. पाचवीत उत्तर एकच असतं, म्हणून तर पर्याय देणाऱ्यानं दहादा विचार करायचा असतो.

सगळ्यात जास्त राग आला तो ‘आमी शेतात गेलो व्हतो’ या पर्यायाचा. त्याखाली तुम्ही ‘गावंढळ, अशुद्ध भाषा’ असा शेरा छापलात. आमच्याकडे हिरडस मावळात, गुंजण मावळात पोरं घरी असंच बोलतात. त्यांच्या आज्या असंच बोलतात. परीक्षेला प्रमाण मराठी लागते, ती आम्ही शिकवतो आणि पोरं शिकतातही. ‘प्रमाण भाषेतील वाक्य निवडा’ एवढं विचारलं असतंत तरी पुरलं असतं. दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईचं बोलणं अशुद्ध आहे असं छापून सांगण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

पुण्यातल्या मुलाच्या हाताशी चार संच असतात, क्लासचे सर असतात. एकाची चूक दुसरा पकडतो. तोरण्याच्या पलीकडच्या वाडीवर दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात आणि अख्ख्या वर्गात तुमचा एकच संच फिरतो. तिथं तुमची उत्तरसूची हाच शेवटचा शब्द. राज्य परीक्षा परिषदसुद्धा पेपर झाल्यावर अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, आक्षेप मागवते आणि मगच अंतिम सूची लावते. तुमच्या संचावर आक्षेप कुठं पाठवायचा, याची एक ओळही नाही. म्हणून हे पत्र उघड लिहावं लागलं.

मागणी साधी आहे. शुद्धिपत्र काढा आणि जिथं जिथं संच विकलात त्या प्रत्येक शाळेला पाठवा. पुढच्या आवृत्तीआधी व्याकरण जाणणाऱ्या माणसाकडून प्रत्येक पर्याय तपासून घ्या आणि त्या कामाचे त्याला पैसे द्या. तो ‘गावंढळ’चा शेरा मात्र शुद्धिपत्रात नुसता वगळू नका, त्याबद्दल मुलांची माफी मागा.

आपला,
पाचवीचा एक वर्गशिक्षक